मुलीकडे कॅनडात राहायला जाताय? आपली कामं आपल्या हातात ठेवा

प्रश्न थोडक्यात असा होता: "जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, वय ६७. मला मधुमेह, दोघांनाही रक्तदाब. सप्टेंबरअखेर सुपर व्हिसावर (मुलांकडे लांब मुक्कामाला येणाऱ्या आई-वडिलांसाठीचा व्हिसा) मुलीकडे, टोरांटोजवळ मिसिसागाला, दोन वर्षांसाठी निघतोय. मुलगी-जावई दोघंही नोकरीवर. पेन्शन, बँक, औषधं, एकट्यानं बाहेर पडणं, ही रोजची कामं तिथं कशी होतात? मुलांवर बोजा व्हायचं नाही. आणि सौ. विचारतात, स्वयंपाकघरातलं काय आणावं?"

सर, नमस्कार. मी बँकेत होतो, शेवटची नऊ वर्षं पेन्शनच्या टेबलावर. गेली आठ वर्षं मुलाकडे इथंच, तुम्ही येताय त्याच भागात राहतो. नव्यानं आलेल्या आजी-आजोबांची कागदपत्रं बघून देणं हा माझा सध्याचा बिनपगारी उद्योग. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

"बोजा व्हायचं नाही" हे वाक्य मी इथं प्रत्येकाच्या तोंडून ऐकलंय. त्याचा अर्थ बहुतेक जण असा लावतात की काही मागायचं नाही आणि घरात गप्प बसायचं. मग होतं उलटंच. सहा महिन्यांत पेन्शन, गोळ्या, फोनचा रिचार्ज, केस कापायला जाणं, सगळं मुलीच्या शनिवारवर येऊन पडतं, आणि शनिवार तिला एकच असतो. पहिल्या महिन्यात तिच्याकडून चार कामं नीट शिकून घ्या, दोन-तीनदा चुका, आणि ती कामं परत तिच्याकडे जाऊ देऊ नका. खाली लिहितोय ते सगळं याच हिशेबानं.

आधी हयातीचा दाखला, कारण तुम्ही सप्टेंबरअखेर पोचताय आणि नोव्हेंबर दारातच उभा आहे. भारतात बँकेत गेलं, सही केली, चहा घेतला, झालं. इथं तो वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर करावा लागतो. तुमचं पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला नेमका कोणता नमुना चालतो आणि कोणाची सही चालते, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तराला डिसेंबरात कोणी ओळखत नाही. नोव्हेंबरात वकिलातीतर्फे या दाखल्यांसाठी शिबिरंही भरतात. जाताना पासपोर्ट, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि भरलेला नमुना न्या. सहीची रेघ मात्र कोरी ठेवा, सही त्यांच्यासमोरच करायची.

माझ्या टेबलावर परदेशातून आलेले जे दाखले अडकायचे, त्यात तारखेची चूक सगळ्यात जास्त. माणूस उत्साही, २५ ऑक्टोबरलाच दाखला करून पाठवतो. पण सर्वसाधारण पेन्शनरचा महिना नोव्हेंबर. केंद्राच्या पेन्शनरांना ८० वर्षांनंतर १ ऑक्टोबरपासून मुभा आहे, तुम्हाला नाही. तेव्हा १ नोव्हेंबरनंतरची तारीख पडू द्या आणि पहिल्याच आठवड्यात रवाना करा. त्याची स्कॅन प्रत ईमेलनं पाठवा आणि पोच मागा. दाखला उशिरा पोचला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. पोचल्यावर थकबाकीसह सुरू होते. हे मुद्दाम सांगतो, कारण एका गृहस्थांनी "पेन्शन गेली" म्हणून दोन रात्री जागून काढल्या होत्या.

जीवन प्रमाण ही डिजिटल सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. भारतात असताना जरूर वापरा. परदेशातून फक्त तिच्यावर विसंबू नका, कारण सगळी भिस्त आधार आणि भारतातल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर असते.

तेव्हा तो मोबाइल नंबर जपा, अगदी मंगळसूत्रासारखा. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. दोन सिमचा फोन घ्या, एकात भारताचं, एकात इथलं. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार वापर नसला तरी ९० दिवसांच्या आत प्रीपेड नंबर बंद करता येत नाही. त्यापुढे मात्र धोका. महिन्यातून एक एसएमएस करायचा आणि रिचार्ज संपू द्यायचा नाही. मी दर १ तारखेला धाकट्या भावाला "हयात आहे" असा एसएमएस करतो. त्याचंही समाधान, माझ्या नंबराचंही.

बँकेचं म्हणाल तर तुमच्यासारखा दोन वर्षं बाहेर राहणारा माणूस फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नजरेत अनिवासी होतो. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यातही जमा होते, घाबरायचं कारण नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापला जातो. ज्येष्ठ नागरिक म्हणून आपण वर्षानुवर्षं जो १५ एच (व्याजावर कर कापू नका, असं सांगणारा फॉर्म) भरत आलो, तो फक्त रहिवाशांसाठी असतो. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागायचा, म्हणून गावाकडचा तुमचा कर सल्लागार सोडू नका. जानेवारी २०२३ मध्ये ज्या १० देशांतल्या मोबाइल नंबरांना एनआरओ-एनआरई खात्यांसाठी यूपीआयची परवानगी मिळाली, त्यात कॅनडा आहे. तुमची बँक ते देते का, तेवढं विचारा.

फ्लॅट, शेती, लॉकर असं काही असेल तर कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधकांकडे नोंदवून या. इथूनही करता येतं. भारत २००५ पासून अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करारात आहे आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे नोटरी करून ओंटारियो (आपल्या इथला प्रांत) सरकारकडून अपोस्टिल घेता येतं. पण असा बाहेर केलेला दस्त राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि ते पाकीट तिकडे कोणाच्या तरी कपाटात चार महिने पडून राहतं. मी दोनदा पाहिलंय.

भारतातल्या बँकेला फोन कधी करायचा? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं जातात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढं. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढं असतो, म्हणजे तिकडं सकाळचे १० वाजतात तेव्हा इथं आदल्या रात्रीचे साडेअकरा. उन्हाळ्यात साडेबारा. दुपारची झोप त्या दिवशी लांबवायची, दुसरा इलाज नाही.

आता औषधं. इथं जरा थांबतो, कारण इथंच माणसं गोंधळतात.

आपण गोळ्या ब्रँडच्या नावानं किंवा रंगानं ओळखतो. "ती छोटी गुलाबी, सकाळची." इथल्या औषधविक्रेत्याला ब्रँड कळत नाही, त्याला मूळ औषधाचं नाव लागतं. तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घ्या: आजार, मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर ती वेगवेगळी लिहून घ्या. आपल्याकडं सर्रास मिळणारी सगळी औषधं इथं नाहीत. मधुमेहाची व्हिल्डाग्लिप्टिन आणि टेनेलिग्लिप्टिन इथं मिळत नाहीत, त्याच गटातलं दुसरं देतात. नावंही बदलतात. पॅरासिटामॉल मागाल तर दुकानातला पोरगा तोंडाकडं बघत राहील, कारण त्याच्या लेखी ते ॲसिटामिनोफेन आहे. सोबत आणायच्या गोळ्या जास्तीत जास्त ९० दिवसांच्या, मूळ वेष्टनात. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही. म्हणजे तीन महिन्यांच्या आत इथला डॉक्टर गाठायलाच हवा. तो डिसेंबरात धावपळ करून नव्हे, ऑक्टोबरातच, तब्येत ठणठणीत असताना गाठा.

एक प्रसंग सांगतो. आमच्या गल्लीत नागपूरकडचे एक काका आले होते, २० वर्षांचे मधुमेही. मुलानं इथलं ग्लुकोमीटर आणून दिलं. पहिल्याच सकाळी आकडा आला ८.१. काकांना सवय १४०-१५० ची. "आठ! अरे, आठ म्हणजे मी बेशुद्ध कसा नाही?" म्हणत त्यांनी साखरेचे तीन चमचे तोंडात टाकले आणि मला फोन केला. इथं रक्तातली साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. त्या आकड्याला १८ नं गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. ८.१ म्हणजे जवळजवळ १४६, काकांची रोजचीच साखर. वर तीन चमचे खाल्लेले, ते निराळे. उलट १२६ म्हणजे ७. मीटरच्या डबीवर "× १८" असं लिहून ठेवा. कोलेस्टेरॉलचा गुणक वेगळा, साधारण ३८.७. रक्तदाब मात्र तोच, १३०-८० म्हणजे १३०-८०. एचबीए१सीही (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) इथं टक्क्यांतच सांगतात.

विम्याचं मुलीनं पाहिलंच असेल. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं आणि किमान एक वर्षाचं कवच लागतं. तुम्ही तिला एवढंच विचारा: आधीपासूनच्या आजाराला "स्थिर काळ" किती दिवसांचा आहे? बऱ्याच पॉलिसींत प्रवासाआधीच्या ठरावीक काळात औषधाचा डोस बदलला असेल तर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. बरेच लोक निघायच्या आठवड्यात "एकदा सगळं तपासून घेऊ" म्हणून डॉक्टरकडं जातात, डोस वाढवून घेतात आणि नकळत स्वतःचंच कवच भोकाचं करून ठेवतात. तपासणी आताच करून घ्या. डोस बदलणं गरजेचंच असेल तर जरूर बदला, फक्त विमा कंपनीला कळवा. सुपर व्हिसावर ओहिप (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड मिळत नाही, म्हणून पॉलिसी नंबर आणि कंपनीचा २४ तासांचा फोन नंबर पाकिटात ठेवा. छातीत दुखलं तर सरळ ९११. बाकी वेळी आधी विमा कंपनीला फोन, मग दवाखाना. साध्या तक्रारींसाठी, म्हणजे डोळे आले, किडा चावला, तर १ जानेवारी २०२३ पासून ओंटारियोतला औषधविक्रेता स्वतः बघून औषध लिहून देऊ शकतो. ओहिप नसेल तर पैसे लागतील का, ते आधी विचारा.

दवाखान्यात एक गंमत होईल. आपल्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं नाव जोडून असतं. नर्स दारात येऊन दोन्ही नावं पुकारते, तीही वेड्यावाकड्या उच्चारात. आपल्याला वाटतं, दुसऱ्याच कोणाला बोलावतेय. मी एकदा वडिलांच्या नावाचा पुकारा तीनदा ऐकून शांतपणे बसून होतो. जन्मतारखेचंही तसंच. आमची दोघांचीही कागदावरची तारीख १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. तुम्ही मुख्याध्यापक, तुम्हाला काय सांगायचं! खिडकीवरच्या मुलीनं एकदा दोन्ही पासपोर्ट पुन्हा पुन्हा बघून हसत विचारलं, "एकाच दिवशी?" मी हो म्हणालो. तिनं दोघांना वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या. वहिनींच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाचा फरक पीपीओत असेल तर तो मात्र हसण्यावारी नेऊ नका, निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या.

आणखी एक मनाची तयारी करून या. ३८ वर्षं तुम्हाला गावानं "सर" म्हटलंय. इथं पंचविशीतला पोरगा पहिल्याच भेटीत नुसत्या नावानं हाक मारेल. त्यात अनादर नाही, तो त्याच्या साहेबालाही तसंच बोलावतो. मला वर्ष लागलं. अजूनही कधी कधी खुपतं, खोटं कशाला बोलू. "हाऊ आर यू" हा प्रश्न नसतो, त्यामुळे गुडघ्याची हकीकत सांगायला थांबू नका. "गुड, थँक यू" म्हणा आणि पुढं चला. शेजारच्यांचं लहान मूल कितीही गोड दिसलं तरी गालगुच्चा नको. कुत्र्याला हात लावायचाय तर मालकाला विचारा. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला "थँक यू" म्हणतात, तेही उचला. तोच ड्रायव्हर आठवड्यात ओळखायला लागतो, आणि कोणीतरी ओळखणं फार लागतं इथं.

दुकानात पहिला धक्का बिलाचा. फळीवरची किंमत कराशिवायची असते, १३ टक्के काउंटरवर चढतात. भांड्यांच्या साबणावर ३.४९ लिहिलेलं, पडद्यावर येतं ३.९४. आणि रोख द्यायला गेलात तर मागतात ३.९५, कारण एक सेंटचं नाणं २०१३ मध्ये चलनातून काढलं आणि रोखीची रक्कम जवळच्या पाच सेंटला नेतात. फसवत नाहीत कोणी. दूध, भाजी, तांदूळ-डाळ अशा मूळ किराण्यावर हा कर नाही. एक डॉलरच्या नाण्याला लूनी म्हणतात, त्यावर लून पक्षी आहे म्हणून. दोनचं ते टूनी. खिशात चार-पाच लूनी असू द्या, काही दुकानांत ढकलगाडी सोडवायला नाणं घालावं लागतं.

रस्ता ओलांडणं. सर, हा परिच्छेद वहिनींनाही वाचून दाखवा. इथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. आपली मान जन्मभराच्या सवयीनं आधी उजवीकडं वळते, आणि गाडी येते डावीकडून. दुसरं त्याहून वाईट: लाल दिवा असला तरी गाडीला थांबून, बघून उजवीकडं वळायला परवानगी आहे. वळणारा ड्रायव्हर डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडं बघत असतो, तुम्ही त्याच्या उजव्या अंगाला. पांढऱ्या माणसाचं चित्र लागलं म्हणून बिनधास्त पाऊल टाकू नका, आधी ड्रायव्हरची आणि तुमची नजरानजर होऊ द्या. खांबावरचं बटण दाबायला विसरू नका. काही चौकांत ते दाबल्याशिवाय पादचाऱ्यांचा दिवा लागतच नाही, आणि आमच्यासारखे दोन म्हातारे पाच मिनिटं नुसते उभे राहतात.

बससाठी प्रेस्टो कार्ड घ्या आणि ६५ वर्षांवरील सवलत त्यावर नोंदवून घ्या, ती आपोआप लागत नाही. एकदा टेकवलं की दोन तासांत बस बदलता येते. पहिल्या आठवड्यात मुलीबरोबर, दुसऱ्यात तुम्ही दोघं, तिसऱ्यात एकटे. पहिलं मुक्कामाचं ठिकाण वाचनालय. पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट. पुरावा तुमच्या नावाचा नसेल, म्हणून काय चालेल ते मुलीला आधी फोनवर विचारायला सांगा. गरम खोली, वर्तमानपत्रं, स्वच्छतागृह, आणि इंग्रजी बोलायच्या सरावाचे गट. माझे दोन जिवाभावाचे मित्र, एक चिनी आणि एक पोर्तुगीज, तिथंच भेटले. तिघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे कोणीच कोणाला हसत नाही.

नोव्हेंबरपासून बर्फ. पांढऱ्या बर्फाची भीती नाही, तो दिसतो. दिसत नाही तो ब्लॅक आइस: ओला डांबरी रस्ता वाटतो आणि असतो काचेसारखा. पावलं छोटी, हात खिशाबाहेर, बूट इथंच विकत घ्या. कमरेचं हाड मोडलं की दोन वर्षांचा सगळा बेत तिथंच संपतो. तसल्या दिवशी घरात जिन्यावर वर-खाली करा.

आता वहिनींचा प्रश्न. मिक्सर अजिबात आणू नका. इथं १२० व्होल्ट, आपला २३० चा, नुसता गुरगुरतो. मसाला डबा, सांडशी, पोळपाट-लाटणं आणा, लाटणं मोठ्या बॅगेत, हातातल्या सामानात नको. फोडणी करताना आधी वरचा पंखा लावायचा आणि खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा भोंगा सगळं घर डोक्यावर घेतो. तो वाजला म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नका, ओंटारियोत तो बंद करणं गुन्हा आहे. टॉवेलनं वारा घाला, गप्प होतो. कुकर आणणार असाल तर सपाट तळाचा आणि दोन जादा रिंगा. बऱ्याच घरांत शेगडी काचेची, सपाट असते, गोल बुडाचा कुकर तिच्यावर नीट टेकत नाही. आमच्या सौ.नी हट्टानं आणलेला पाच लिटरचा गोल बुडाचा कुकर आठ वर्षं तळघरात आहे. त्यात सध्या लूनी साठवतो.